‘इन्शाअल्लाह’ आणि पार्सलची तारीख

आमच्या कर्जत-खालापूर भागात घरबसल्या कपडे, बुरखे, दुपट्टे, अत्तर विकणाऱ्या मुली आणि बायका आता जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात दिसतात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर फोटो टाकायचा, गिऱ्हाइकाने पसंत केला की सुरतेच्या किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याला ऑर्डर द्यायची आणि त्याने माल थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायचा. मधला फरक ही आपली कमाई. याला ड्रॉपशिपिंग म्हणतात, आपल्याकडे रिसेलिंग हा शब्द जास्त चालतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोसारख्या कंपनीने ही पद्धत घराघरांत नेली. मी उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या कितीतरी मुली हा धंदा करतात आणि मला त्याचा आनंद आहे. दुकानाची पागडी नको, माल भरून ठेवायला भांडवल नको, हातात मात्र स्वतःचे पैसे येतात.

पण त्या फोटोंखाली एक ओळ हमखास असते : ‘तीन-चार दिवसांत घरपोच.’ माझे म्हणणे एवढेच आहे की या धंद्यातली सर्वांत महाग ओळ हीच आहे. हा आकडा बहुतेक वेळा कोणी मोजलेला नसतो. व्यापाऱ्याच्या मेसेजमधून तो जसाच्या तसा उचललेला असतो आणि व्यापाऱ्याने तो मोठ्या शहराचा विचार करून लिहिलेला असतो.

आपला भाग नकाशावर फार सोयीचा दिसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो, रेल्वेचा मुख्य मार्ग कर्जतवरून. पण ट्रक आपल्या दारावरून गेला म्हणून पार्सल आपल्या दारात उतरत नाही. ते आधी भिवंडीसारख्या ठिकाणच्या मोठ्या गोदामात जाते, तिथे वेगळे काढले जाते, मग आपल्या बाजूच्या केंद्रावर येते आणि शेवटी स्थानिक डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत पडते. खोपोली बाजारपेठेतले पार्सल तो त्याच दिवशी देईल. कडाव-कशेळे रस्त्यावरच्या एका पार्सलसाठी मात्र तो पेट्रोल जाळत नाही, आणखी चार जमेपर्यंत थांबतो. माथेरान तर आपल्याच कर्जत तालुक्यात आहे. दस्तुरी नाक्यापुढे गाड्यांना बंदी असल्याने तिथे वर्षानुवर्षे सामान घोड्यावर आणि हातगाडीवरच चढत आले आहे. दामत, खालापूर आणि माथेरान या तिन्ही पत्त्यांना एकच ‘तीन-चार दिवस’ कसे लागू पडतील?

त्यात आपला पावसाळा. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. घाटात दरड आली की वाहतूक ठप्प होते, हेही नवे नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने दरवर्षी ठरलेले असतात. मग ‘पावसामुळे उशीर झाला’ हे आपण दरवर्षी नव्याने घडल्यासारखे का सांगतो?

ईदचा हिशेब तर आणखी नाजूक आहे. २०२५ मध्ये ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला रमजान ईद. दोन सण लागून, मध्ये सुट्टीचा वार, वर आर्थिक वर्षाचा शेवट. अशा आठवड्यात कुरिअरवर किती ताण येत असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. चाँद एक दिवस आधी दिसला तर तेवढाही वेळ उरत नाही. ईदचा जोडा ईदच्या दुसऱ्या दिवशी आला तर तो कितीही सुंदर असो, घेणारीच्या लेखी तो आलाच नाही. शिंप्याचा ईदचा वायदा आपल्या सर्वांच्या माहितीचा आहे. त्याच्या दारात जाऊन बसता तरी येते. सुरतेच्या व्यापाऱ्याच्या दारात कोण जाणार? गिऱ्हाईक तुमच्याच दारात येते.

नुकसान फक्त एका ऑर्डरचे होत नाही. पैसे घरी आल्यावर द्यायचे असतील तर चिडलेले गिऱ्हाईक पार्सल परत पाठवते. परतीचा खर्च कोणाच्या अंगावर पडायचा यावरून व्यापाऱ्याशी वाद होतो. आणि मोहल्ल्यात ‘तिच्याकडून नको, वेळेवर देत नाही’ हे वाक्य पार्सलपेक्षा फार लवकर पोहोचते. मग घरातले कोणीतरी म्हणते, ‘बस झाले आता मोबाइलचे उद्योग.’ एका चुकीच्या आकड्यापायी मुलीची स्वतःची कमाई बंद होते, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

गिऱ्हाइकाने विचारले, ‘कधी येईल?’ तर आपल्याकडे उत्तर ठरलेले : ‘इन्शाअल्लाह, दोन दिवसांत.’ उद्याच्या कामाबद्दल बोलताना अल्लाहची मर्जी आठवावी, ही शिकवण सूरह कहफमध्ये आहेच. पण ते शब्द प्रामाणिक अंदाजानंतर यायला हवेत, अंदाजाच्या जागी नव्हे. ट्रॅकिंग न बघता, व्यापाऱ्याला फोन न करता म्हटलेले ‘इन्शाअल्लाह’ म्हणजे आपल्या आळसाची जबाबदारी वर ढकलणे. इतर धर्मांचे शेजारी या शब्दाचा अर्थ ‘नक्की नाही’ असा घेऊ लागले, तर दोष त्यांचा नाही.

आपल्या फिकहमध्ये मुदतीच्या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. प्रेषित (स.) मदीनेला आले तेव्हा तिथले लोक पुढच्या हंगामांच्या खजुरांचे पैसे आगाऊ देत-घेत असत. या व्यवहाराला सलम म्हणतात. बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीस संग्रहांत आलेल्या मार्गदर्शनाचा आशय असा, की असा व्यवहार करायचा तर माप ठरलेले हवे, वजन ठरलेले हवे आणि मुदतही ठरलेली हवी. आपले रिसेलिंग सलम आहे, दलाली आहे की हाती नसलेल्या मालाची विक्री, हा निर्णय उलेमांनी द्यावा आणि प्रत्येकीने तो जरूर विचारावा. पण मुदत हा सौद्याचाच भाग आहे, एवढे यातून कोणालाही कळेल. मापात मारणे गुन्हा, तर दिवसांत मारणे चतुराई कशी?

कायदाही वेगळे सांगत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार मार्केटप्लेसवरील विक्रेत्याने डिलिव्हरीची माहिती द्यायची आहे. सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला त्याला नकार देता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. म्हणजे ‘तीन-चार दिवस’ हे तुम्ही स्वतःहून लिहिलेले बंधन आहे.

मग खरा आकडा काढायचा कसा? वहीत मागच्या दहा पार्सलांच्या तीन तारखा लिहा : ऑर्डर कधी दिली, व्यापाऱ्याने माल कधी रवाना केला, गिऱ्हाइकाच्या हाती कधी पडला. रवानगीपासून मोजायची सवय सोडा, कारण गिऱ्हाईक ऑर्डरपासून मोजते. सरासरीही काढू नका, सरासरी धरली तर बरीच गिऱ्हाइके ताटकळतील. दहापैकी नऊ पार्सले जितक्या दिवसांत पोहोचली तो आकडा घ्या. समजा तो नऊ आला, तर ‘नऊ ते दहा दिवस’ लिहा. पावसाळ्यात दोन-तीन दिवस वाढवा, माथेरान आणि आडवळणाच्या वाड्यांसाठी वेगळी मुदत सांगा. रमजानमध्ये दिवस सांगूच नका, तारीख सांगा : ‘या रोज्यानंतर दिलेली ऑर्डर ईदपर्यंत मिळेल असे समजू नये.’ आणि उशीर होणार हे कळले, की गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी आपण कळवा.

‘मी दहा दिवस लिहिले तर गिऱ्हाईक चार दिवसवालीकडे जाईल,’ असे मुली म्हणतात. काही जातील, हे खरे आहे. सणाच्या तोंडावर हा तोटा टोचतोही. पण आपली गिऱ्हाइके अनोळखी नाहीत. ती लग्नात भेटतात, दवाखान्यात भेटतात, शाळेच्या फाटकाशी भेटतात. दहा सांगून आठव्या दिवशी माल देणारीकडे ती परत येतात. चार सांगून आठव्या दिवशी देणारीने तेवढ्याच दिवसांत तेच काम केलेले असते, तरी ती खोटी ठरते.

येत्या रमजानच्या आधी आपल्या स्टेटसवरची ती ओळ एकदा वहीशी ताडून बघा. आकडा बदलावा लागला तर बदला, आणि मग त्याच्यापुढे मनापासून इन्शाअल्लाह लिहा.