शायलॉकचा हिशेब

तीन हजार डुकाट, तीन महिन्यांची मुदत आणि परतफेड चुकली तर कर्जदाराच्या अंगचं पौंडभर मांस! असा करार लिहून घेणारा ज्यू सावकार शायलॉक खलनायकच म्हणायचा. पण त्याच्यावर थुंकणारा व्यापारी अँटोनिओ गरज पडताच त्याच्याकडेच येतो, हेही ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये शेक्सपिअरनेच दाखवलंय.

मुलगी जेसिका पैसाअडका घेऊन पळते. त्याची बायको लिआ हिने त्याला दिलेली अंगठी माकडापायी देऊन टाकते. ती बातमी ऐकताना सावकार बाजूला पडतो, बाप उरतो. लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये १८१४ साली नट एडमंड कीनने हाच माणूस उभा केला.

कोर्टात मात्र दुप्पट रक्कम नाकारून तो सुरी परजतो. तिथे त्याचा कैवार घेणं अवघडच.

तरीही शिक्षा म्हणून सक्तीचं धर्मांतर? शायलॉक गुन्हेगार आहेच. पण आरोपीच्या पिंजऱ्यात त्याच्या शेजारी अँटोनिओही हवा होता.