वहीतील गाव

गोंदिया शहराची पहाट रेल्वेच्या शिटीने आणि वाफवलेल्या धानाच्या वासाने उजाडते. हावडा–मुंबई मार्गावरील या जंक्शनला पुरती झोप अशी कधी लागतच नाही. रात्रीच्या कोणत्याही प्रहरी एखादी गाडी येत असते, एखादी निघत असते. उसना तांदूळ काढण्यासाठी धान आधी भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग भरडतात. त्या वाफेचा ओलसर, किंचित आंबूस वास परगावच्या पाहुण्याला तत्काळ जाणवतो. गोंदियाच्या माणसाला मात्र तो गाव सोडून गेल्यावरच आठवतो. घरातील सुखांचेही बहुधा असेच असते.

या शहरात तांदळाच्या व्यापारावर उभी राहिलेली अनेक घरे आहेत. त्यांतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. तीन पिढ्या एका छताखाली. खाली गद्दी, वर संसार. पहाटे आजी पाणी गाळून हंडे भरते. सून खाखरे शेकते. आजोबा देवदर्शन करून येतात आणि वर्तमानपत्राआधी धानाचा भाव विचारतात. दुपारी ताटात येणारा भात बहुतेक वेळा एचएमटीचा असतो. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळच्या नांदेड या खेड्यातील दादाजी खोब्रागडे नावाच्या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्याच बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपून हे वाण निवडले आणि त्या काळी घरोघरी प्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला दिले. इतका सुवासिक इतिहास रोजच्या ताटात वाढला जातो. जेवणारा मात्र एका हाताने घास घेतो आणि दुसऱ्या हाताने फोन धरतो.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. पूर्वी या नियमाचे एक गोड फळ आपोआप मिळत असे. दिवस मावळण्याआधी सर्वांना घरी यावेच लागे आणि सगळी पाने एकाच पंगतीत मांडली जात. शाळेतील तक्रार, बाजारातील वार्ता, मामाच्या घरचे पत्र, सारे त्या पंगतीत निघे. पुढे व्यापार वाढला. हंगामात ट्रक संध्याकाळीच येऊ लागले. मग पाच वाजता खाली गद्दीवर दोन डबे जाऊ लागले: एक आजोबांचा, एक मुलाचा. नियम अभंग राहिला, पंगत मात्र मोडली. कुणी भांडले नाही, कुणी रुसले नाही, म्हणून ती मोडल्याचे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

ते ध्यानात आले नववीत शिकणाऱ्या नातीच्या. इतिहासाच्या पुस्तकात तिला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी वाचायला मिळाले. त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तिने जेवताना सहज विचारले, "आपल्या हमालांना आठवड्याची सुट्टी आहे, मुनीमजींना आहे. दादाजींना कुणी दिली नाही का?" आजी हसली; पण हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. त्या रात्री दोन दिवस बाहेर जाण्याचे ठरले.

कुठे जावे यावर बरीच चर्चा झाली. ओळखीतील कुणी दुबईला जाऊन आले होते, कुणी सिंगापूरला. अखेरीस नातीने सुचवले तेच ठिकाण ठरले: नवेगावबांध. आजोबा म्हणाले, "तळं बघायला काय जायचं? पाणीच ते." तेव्हा आजीने त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर दिले. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. प्रत्येक दिशेला आपण किती दूर जाणार, याची मर्यादा गृहस्थ स्वतः घालून घेतो. ती म्हणाली, "मर्यादा घातली ती लांब जाऊ नये म्हणून. पण मर्यादेच्या आत जे आहे ते तरी कधी पाहिलंत?"

जानेवारीतील एका शनिवारी दुपारी गाडी निघाली. गोरेगाव मागे पडले, कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी साग-ऐनाचे रान सुरू झाले. येथे एक नवल घडले. इतका वेळ गप्प बसलेले आजोबा बोलू लागले. रस्त्यावर गावाच्या नावाची पाटी आली की ते त्या गावाची कुंडली सांगत. "या गावचा माल कोरडा. इथल्या धानात खडा कमी. या गावच्या माणसाने दुष्काळातही उधारी बुडवली नाही." चाळीस वर्षे ही गावे त्यांनी वहीत लिहिली होती, पोत्यांवर वाचली होती. पाहिले त्यांतले एकही नव्हते.

बांधावर पोहोचेपर्यंत ऊन उतरले होते. तीन बाजूंनी डोंगर आणि मध्ये नजर न पोहोचणारे पाणी. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. लोकांनी पुढे त्यांना देवत्व दिले; कोलासूर या नावाने त्यांचे ठाणे बांधावर आहे. सभोवतीच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात आणि बांध घालताना याच बहिणींनी कोलू पाटलांना हात दिला, अशी श्रद्धा आहे. कोहळी समाज तलाव बांधण्याच्या कलेत निष्णात. ओढ्याची चाल आणि उताराचा कल ओळखून, माती दाबून त्यांनी या मुलखात असंख्य तलाव उभे केले. पूर्व विदर्भाला तलावांचा प्रदेश ही ओळख मिळाली ती अशा हातांमुळे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. लोक त्यांना अजूनही मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पावसाने दडी मारली की धानाला अखेरचे पाणी याच तलावांतून मिळते. ते मिळाले नाही तर लोंबी पोचट राहते आणि पोचट लोंबीचा तांदूळ कोणत्याही गिरणीत निघत नाही.

बांधावर एक वृद्ध शेतकरी भेटला. कुठून आलात, काय करता, अशी विचारपूस झाली. गद्दीचे नाव ऐकताच त्याने हात जोडले आणि म्हणाला, "शेटजी, आमचा धान पंचवीस वर्षांपासून तुमच्या घरी जाऊन राह्यला. तुमी आज आले."

त्या वाक्यात तक्रार नव्हती. तरीही आजोबा बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. वहीत त्या माणसाच्या नावापुढे वजन होते, भाव होता, कापलेली तूट होती. त्याचा तलाव वहीत नव्हता. मग त्यांनी शेतकऱ्याला शेजारी बसवून घेतले आणि आयुष्यात प्रथमच भाव सोडून दुसरे काही विचारले: यंदा पाणी कुठवर पोहोचले? गाळ किती साचला? मुले शेती करतात की शहरात गेली?

सूर्यास्त सहाच्या आतच होणार होता. सतरंजी अंथरली गेली. थेपले, कच्च्या केळ्याची कोरडी भाजी, मेथीची चटणी आणि गाळलेल्या पाण्याची सुरई. शेतकऱ्यालाही आग्रहाने बसवले. सात माणसांची पंगत कित्येक वर्षांनी एकत्र बसली. शेवटचा घास झाला तेव्हा पाण्यावर केशरी पट्टा उरला होता.

रात्री मुक्काम तिथेच झाला. पहाटे धुक्यातून पक्ष्यांचे थवे उठले. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब याच पाण्यावर हिवाळा काढतात. वनाधिकारी म्हणून येथे राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी या परिसराला 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकातून मराठी वाचकांच्या घरात नेले. १९७५ मध्ये हे रान राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. नातीला सारस पाहायचा होता. तो दिसला नाही. वडिलांनी तिला सांगितले की त्यासाठी इतक्या दूर यायलाच नको होते. महाराष्ट्रातील उरलेले बहुतेक सारस गोंदिया जिल्ह्यातच आहेत आणि परसवाडा, झिलमिलीसारखे त्यांचे तलाव शहरापासून जवळच आहेत. माणसाएवढा उंच हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटे करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. अनेक शेतकरी घरट्याभोवतीचे पीक सोडून देतात. तेवढे धान गद्दीवर येत नाही. आजोबा ऐकत होते, ते म्हणाले, "ही तूट कुणी वहीत धरली नाही."

रविवारी दुपारी घर गाठले. जिन्यात पाऊल ठेवताच वाफवलेल्या धानाचा वास आला आणि नात म्हणाली, "आपल्या घराला वास आहे, हे आज कळलं." आजीने हंडे पाहिले, झाडांना पाणी घातले. बाहेर कुठलीशी गाडी शिटी देत नागपूरकडे निघाली. दोन दिवसांत घरात काहीच बदलले नव्हते. पण प्रत्येक वस्तू नव्याने मांडल्यासारखी दिसत होती.

सोमवारी गद्दी नेहमीप्रमाणे उघडली. ट्रकही नेहमीप्रमाणे संध्याकाळी आला. आजोबांनी मुनीमजींना सांगितले, "ड्रायव्हरला चहा द्या, आराम करू द्या. माल उद्या सकाळी उतरवू." एका दिवसाच्या विलंबाचा खर्च किती, हे त्यांनी मनात मांडले होते. तो त्यांनी आपल्या हाताने खर्ची टाकला.

पाच वाजता वरून दोन डबे खाली आले नाहीत. सव्वापाचला दोघे वर गेले. पाने मांडलेली होती. भात वाढताना आजोबांनी सुनेला विचारले, "हा कुठल्या गावचा?"

आजवर त्या घरात हा प्रश्न फक्त खाली, गद्दीवर विचारला जात असे.