भडकल दरवाजा औरंगजेबाचा नव्हे



गेल्या आठवड्यात भडकल दरवाजापाशी शाळेची एक सहल थांबली होती. ‘हा कोणी बांधला?’ असे विचारताच मुलांनी एका सुरात ‘औरंगजेबाने!’ म्हणून सांगितले आणि बरोबरच्या बाईंनी मान डोलावली. मुलांचा दोष नाही. शहरात कोणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल.

हा दरवाजा मलिक अंबरने 1612 साली मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारला. औरंगजेबाचा जन्म 1618 चा. त्याने शहराला तट घातला तो 1682 च्या सुमारास, तोही मराठ्यांच्या धास्तीने. संभाजी महाराजांच्या फौजेने नुकतेच बुऱ्हाणपूर लुटले होते. मुघलांना हरवल्याची खूण आणि मुघलांनी भीतीपोटी घातलेल्या तटाचे दरवाजे, दोन्ही आपण ‘बावन्न दरवाजे’ या एकाच गाठोड्यात बांधून टाकले आहेत.

याचे परिणाम दिसतात. दरवाजांचा विषय निघाला की ‘परक्यांच्या खुणा कशाला जपायच्या, रस्ता तरी मोकळा होईल’ असे बोलणारे भेटतात. त्यांना मला विचारायचे आहे, परका कोण? हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच हे आपले शहर. 1624 ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याने बसवलेली जमीनमहसुलाची ‘मलिकंबरी’ पद्धत महाराष्ट्राच्या इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मुघलांना दख्खनेत आयुष्यभर झुंजवणाऱ्या माणसाची वास्तू मुघलांच्याच नावावर जमा व्हावी, हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

त्या कमानीखाली एकदा उभे राहून वर पाहावे. टोकाला जुळणाऱ्या उंच कमानी, जाड चिरेबंदी भिंती, भर उन्हातही पायाशी गारवा. आणि त्याच दगडाला फ्लेक्सच्या सुतळ्या आणि लोंबणाऱ्या वायरी! शेजारीच बाबासाहेबांचा पुतळा आहे. 14 एप्रिलला हजारो माणसे इथे येतात. त्यातल्या किती जणांना कळते की गुलामीतून वर आलेल्या माणसाची वास्तू आपल्या डोळ्यांसमोर उभी आहे?

माझी मागणी मोठी नाही. दरवाजावर मराठीत, लांबून वाचता येईल असा ठळक फलक लावा: मलिक अंबर, 1612. फ्लेक्स आणि वायरी उतरवा. शिक्षकांनीही पुढच्या सहलीत मुलांना हे साल आवर्जून सांगावे.

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर