झाडं परत लावाल, दगडफुलाचं काय?

गोड्या मसाल्यातलं दगडफूल बघितलंयत ना? काळपट, कुरळं, वाळक्या सालीसारखं. ते फूल नाही आणि झाडपालाही नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार. शास्त्रात त्याला लायकेन म्हणतात.

त्याचं एक लांबचं भावंड कॅनडात, व्हँकूवर बेटावरच्या थंड पर्जन्यवनात, जुन्या झाडांवर वाढतं. वरून फिकट निळसर-हिरवं, पोटाशी ठिपके. हवेतला नायट्रोजन ते पकडून ठेवतं आणि गळून पडलं की जंगलाला फुकटचं खत! अडचण एकच, त्याला लांब जाता येत नाही. तुकडा मोडून शेजारच्या फांदीवर पडला, तिथे रुजला, एवढाच त्याचा प्रवास. त्यामुळे डोंगर सपाट करून नवी रोपं लावली, तरी ते तिथे येणार कुठून? आणि काही दशकांत ती झाडंही कापायचीच असतात.

2020 च्या ऑगस्टपासून याच बेटावरच्या फेअरी क्रीक भागात जुनी झाडं वाचवायला पोरंपोरी रस्ते अडवून बसली. हजाराहून जास्त जणांना अटक झाली. फोटो अर्थातच महाकाय सीडरचे छापून आले. पण त्याच परिसरात हे लायकेनही सापडलं, तेही जंगलात हिंडणाऱ्या हौशी नजरेला.

कॅनडाच्या कायद्यात ही प्रजाती ‘विशेष चिंतेची’ आहे. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात मारण्यावरची किंवा इजा करण्यावरची बंदी या वर्गाला लागूच होत नाही. म्हणजे चिंता करा आणि करवतही चालवा!

दुसरी बाजूही आहे. तिथल्या मूळ रहिवासी पाचीडाट लोकांच्या नेतृत्वानेच आंदोलकांना ‘परत जा’ असं सांगितलं होतं. जमीन त्यांची, लाकडावर त्यांचाही रोजगार. बाहेरच्यांनी येऊन शिकवू नये, हे मला पटतं. पुढे जून 2021 मध्ये त्यांच्यासह तीन समाजांनी सांगितल्यावर सरकारने तिथली जुनी झाडं तोडणं दोन वर्षं थांबवलं.

पण निर्णय कुणीही घेवो, करवत पोचण्याआधी लायकेन ओळखणारा माणूस तिथे पोचायला हवा, तोही सरकारी खर्चाने. आणि त्याने ‘इथे आहे’ म्हटलं, की तेवढा तुकडा तोडणीच्या नकाशातून वगळायचा. आज हे काम सुट्टीच्या दिवशी भिंग घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींवर सोडलंय.