हंसविणाऱ्या उपदेशकांस दोन शब्द

तरुणांस उपदेश करावयाचा तर तो विनोदाच्या द्वारें करावा, हें मत आम्हांस सर्वथा मान्य आहे. कडू औषध मधांत कालवून देण्याची रीत आपल्याकडे आजची नव्हे. परंतु अलीकडे या मताच्या आड जें कांहीं चाललें आहे, तें पाहून दोन कठोर शब्द लिहिणें आम्हांस प्राप्त झालें आहे. मध तेवढा वडिलांनीं चाटावा आणि औषध मात्र तरुणांच्या अंगावर ओतावें, असा हा प्रकार आहे!

कोणत्याही बक्षीससमारंभास जाऊन पाहा. वक्ते उठतात, तरुणांची केशरचना, त्यांचा मोबाइल, त्यांची स्पर्धापरीक्षेची चौथी खेप यांवर कोट्या होतात, पुढील रांगेंतील वृद्ध मंडळी पोट धरून हंसते, आणि ज्यांच्यासाठीं हा सारा उपदेश, ते मागील बांकावरील तरुण मान खालीं घालून बसतात. जागा शेंकड्यांनीं आणि अर्ज लाखांनीं, अशा परीक्षेंत मागें पडलेल्या मुलाला हंसण्यांत उपदेश तो कोणता? यास आम्ही विनोद म्हणत नाहीं. ही सभ्य वेषांतील टवाळी आहे.

मराठी विनोदाची परंपरा याहून थोर आहे. समर्थांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनीं केला. पण त्याच दशकाच्या अखेरच्या समासांत पढतमूर्खाचीं लक्षणें सांगून शहाण्यांचीही झडती घेतली. देवलांच्या ‘शारदा’ नाटकांत (१८९९) हास्याचा मारा आहे तो भुजंगनाथ या थेरड्या नवरदेवावर आणि भद्रेश्वर दीक्षित या मध्यस्थावर. कोवळ्या शारदेवर नाहीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून भोळ्या समजुतींची टर उडविली. पण तेथें कथन करणारा सुदामाच त्या वेडाचारांत सामील असतो. आणि गडकरी? ‘बाळकराम’ होऊन ‘कवींचा कारखाना’ काढणारे हेच गृहस्थ ‘गोविंदाग्रज’ या नांवानें कविता लिहीत होते. नवकवींची फजिती करतांना ते त्यांच्याच पंक्तीला बसले होते.

कोणी विचारतील, तरुणांत दोष नाहींत काय? आहेत, आणि ते दाखविलेच पाहिजेत. हुंडा देणें-घेणें १९६१ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें. तरी आईबापांच्या इच्छेआड लपून सासऱ्याची मोटार स्वीकारणारा पदवीधर आजही भेटतो. त्याला अवश्य सोलून काढा. मात्र त्याच प्रहसनांत वस्तूंची यादी करणारे त्याचे वडील, बोलणीं जुळविणारे मामा, आणि सर्व ठाऊक असून लग्नाच्या पंगतींत जिलबीवर ताव मारणारे आम्ही, यांपैकीं कोणालाही सोडूं नका. तसें केलें तर तो तरुण स्वतःही हंसेल. आणि ज्या दोषाला मनुष्य एकदां मनापासून हंसला, तो दोष पुढें चारचौघांत मिरविणें त्याला जड जातें. विनोदांत उपदेशाचें सामर्थ्य आहे तें एवढेंच. पण तें थोडें नव्हे.

म्हणून या उपदेशकांस आमची विनंति इतकीच कीं, पुढील व्याख्यानांत पहिली कोटी त्यांनीं स्वतःवर करावी. ती सुचत नसेल, तर विनोदाचा नाद सोडून सरळ उपदेश करावा. कंटाळवाणा उपदेश तरुण सहन करतात. अपमान ते विसरत नाहींत.