डोक्यावरची रेघ

"ती तिरपी रेघ म्हणजे नुसती नक्षी! आधी क्रियापदांचे तक्ते घोकून टाका." स्पॅनिशच्या एका शिकवणीवर्गातला हा उपदेश मी स्वतःच्या कानांनी ऐकला, आणि माझ्यातला मास्तर खवळला. आमच्या पोरांनी 'दिन'चे 'दीन' केले की आम्ही गुण कापतो. मग परभाषेच्याच बाबतीत एवढे औदार्य का?

'आब्लो' घ्या. अक्षरे दोन: आ-ब्लो. 'ब्ल'ची जोडी फुटत नाही. 'कान्-तो'मधली 'न्त'ची मात्र फुटते. 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. एका रेघेने माणूसही बदलला आणि काळही! माझा एक जुना विद्यार्थी मुलाखतीत 'मी काम करतो' म्हणायला गेला. 'त्रा-बा-खो'मधला जोर 'बा'ऐवजी 'खो'वर पडला, आणि 'त्याने काम केले' असे सांगून बसला. दोष पोराचा की मास्तरांचा?

बरे, नियम काही वेदान्त नव्हे. शब्दाच्या शेवटी स्वर, 'न' किंवा 'स' असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एरवी शेवटच्या. जोर याखेरीज कुठे पडला की रेघ. शिवाय इ-उ हे दुबळे स्वर. ते शेजारच्या स्वराला बिलगून एका अक्षरात बसतात. जोराने त्यांना वेगळे काढले तरीही रेघच. म्हणून 'कोन्-ति-न्वो' तीन अक्षरांचे: 'ति'वर जोर असला की 'अखंड', 'न्वो'वर असला की 'त्याने चालू ठेवले'. आणि 'कोन्-ति-नू-ओ' झाले चार अक्षरांचे: 'मी चालू ठेवतो'.

तक्तेवाले म्हणतील, "पण अनियमित क्रियापदांचे काय?" त्यांतली पुष्कळशी जोरच उलगडतो, महाराज! 'पेन्सार' म्हणजे विचार करणे. 'मी विचार करतो' यात जोर धातूवर पडतो, म्हणून 'ए'चा 'ये' होतो: 'प्येन्-सो'. 'आम्ही विचार करतो' यात तो पुढे 'सा'वर सरकतो आणि 'ए' जागच्या जागी राहतो: 'पेन्-सा-मोस'. कोणत्या धातूंना ही खोड आहे ते पाठ करावे लागते, कबूल. पण वर्तमानकाळात ती कुठे दिसेल ते जोरच सांगतो.

लघु-गुरूंचे गण पाडून वृत्त ओळखणारी आमची मुले हे एका आठवड्यात शिकतील. त्यांना तोडायला अक्षरे द्या आणि मोठ्याने म्हणायला लावा. तक्ते मग आपोआप पाठ होतील. आणि नाही झाले, तरी 'मी'चा 'तो' होणार नाही!