लंडनहून पॅरिस किती लांब?



अलीकडे आपल्या वस्त्यांतूनही माणसे परदेशी जाऊ लागली आहेत. कुणाचा मुलगा शिकायला जातो, तर कुणी निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून लंडनला जातात, बाबासाहेब १९२१-२२ साली राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरचे घर पाहायला. (महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले.) एवढे लांब आलोच आहोत तर पॅरिसही पाहू, असे मनात येणारच. मग कुणीतरी सांगतो, "पॅरिस काय, विमानाने सव्वा तास!"

सांगणारा खोटे बोलत नाही, पण हिशेब अर्धाच सांगतो. लंडन ते पॅरिस सरळ रेषेत अंतर सुमारे ३४४ किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूरच्या हवाई अंतराच्या साधारण निम्मे. ताशी ८०० किलोमीटरने धरले तर अर्ध्या तासाच्या आत पोहोचायला हवे. पण विमान धावपट्टीपर्यंत रांगेने जाते, चढते, लगेच उतरू लागते, पूर्ण वेग घ्यायला त्याला सवडच मिळत नाही. म्हणून सव्वा तास.

तिकीट वाचताना आणखी एक घोटाळा होतो. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे. सकाळी १० ला सुटणारे विमान १२.१५ ला पोहोचते असे छापलेले दिसते, आणि परतीचे दुपारी २ चे विमान २.१५ ला! जाताना सव्वादोन तास आणि येताना पंधरा मिनिटे, असे कसे? दोन्ही वेळा सव्वा तासच लागतो. वेळा त्या त्या गावच्या असतात.

आता पूर्ण हिशेब मांडू, आम्हा कारकुनांना तेवढेच जमते. मुक्कामापासून हीथ्रो विमानतळ एक तास. तिथे दोन तास आधी हजर. उड्डाण सव्वा तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान, पाऊण तास. पॅरिसचा मोठा विमानतळ, शार्ल द गोल, शहरापासून २५ किलोमीटरवर, तो पाऊण तास. बेरीज पावणेसहा तास.

दुसरीकडे रेल्वे आहे. समुद्राखालून जाणारा बोगदा १९९४ साली सुरू झाला. लांबी ५० किलोमीटर, त्यातले सुमारे ३८ समुद्राखाली. युरोस्टार गाडी लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातून निघते आणि सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनात, भर शहरात, उतरवते. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते, पुन्हा रांग नाही. तास-दीड तास आधी गेले तरी सगळे मिळून साडेचार तासांत काम होते. तिकीट आयत्या वेळी घेतले तर मात्र महाग पडते. रात्रीची बस स्वस्त, पण आठ-नऊ तासांची, वयस्कर माणसांना ती सुचवणार नाही.

या सगळ्याआधी व्हिसाचे पाहा. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडले म्हणून हे झाले असे काहीजण सांगतात, ते चूक. त्याआधीही चालत नव्हता. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, आणि तो लंडनला पोहोचल्यावर काढू म्हणून चालत नाही, इथूनच काढून निघावे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी.